रविवार सकाळचा ‘संत तुकाराम’: एका जुन्या चित्रपटाच्या खेळाची पूर्ण हकिगत

12 डिसेंबर 1936 रोजी गिरगावातल्या सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ लागला आणि 57 आठवडे तिथून हलला नाही. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबा दिसायला कसे होते हा प्रश्न त्यांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्याने असा काही सोडवला की घराघरांतल्या तसबिरी आणि कॅलेंडरं त्याच चेहऱ्यावर चालत राहिली. एवढा मोठा चित्रपट. पण आज चाळिशीतल्या मराठी माणसाला विचारलं तर तो म्हणतो, ‘बघितलाय की, मोबाइलवर, थोडाथोडा.’ आषाढीला कुठल्यातरी वाहिनीवर लागलेला, मधूनच सुरू केलेला, गाणं संपलं की बंद केलेला.

गिरगाव आणि दादरच्या वाचनालयांच्या ओळखीतून जमलेला आमचा एक लहानसा गट आहे. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतली माणसं आहेत, भजनी मंडळातल्या दोन काकू आहेत आणि माध्यमशास्त्र शिकणारी काही मुलं आहेत. आषाढी एकादशीच्या आधीच्या रविवारी ‘संत तुकाराम’ खऱ्या चित्रपटगृहात, तिकीट लावून, अंधारात, अथपासून इतिपर्यंत दाखवायचा असं आम्ही ठरवलं. त्या एका खेळाचं हे प्रकरण आहे. ते सविस्तर लिहायचं कारण म्हणजे ‘लोकांना आता जुने चित्रपट झेपत नाहीत’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय आणि मला ते मान्य नाही. लोक बऱ्याचदा चित्रपटाला कंटाळत नाहीत, समोर आलेल्या बिघडलेल्या प्रतीला कंटाळतात. तो फरक या खेळाच्या तयारीत आम्हाला डोळ्यांनी दिसला आणि कानांनी ऐकूही आला.

हाच चित्रपट का

निवडीवरून वाद झाला, आणि तो चांगला झाला. मुलांना ‘सिंहासन’ हवा होता. 1979 चा, मुंबईचा, राजकारणाचा, आजही तितकाच धारदार. बँकवाल्या मंडळींचा कल ‘श्यामची आई’कडे होता. शेवटी निर्णय झाला तो हक्कांच्या प्रश्नावर. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. त्या हिशेबाने 1979 च्या चित्रपटासाठी हक्कधारकाची परवानगी काढावीच लागते, आणि परवानगी देणारं नेमकं कोण हे शोधण्यातच लहान गटाची दमछाक होते. 1936 च्या चित्रपटाचा हक्क 1996 अखेर संपला. गीतकाराच्या शब्दांचा हक्क वेगळा मोजला जातो, त्याच्या हयातीनंतर 60 वर्षं. त्याबद्दल ओळखीच्या वकिलांचा लेखी सल्ला घेऊन ठेवला.

मात्र हक्क संपला म्हणजे चित्रपट हातात आला असं होत नाही. हक्क कुणाचाच नसला तरी चांगली प्रत कुणाची तरी असते. हा चित्रपट काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीच्या काळातली फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि प्रभातचा अमूल्य ऐवज तिच्यात गेला. त्यामुळे त्या काळातल्या चित्रपटांचं आज जे हाती लागतं ते बहुधा प्रतीवरून काढलेल्या प्रतीचं असतं. प्रत्येक पिढीला काळा रंग थोडा करडा होतो, चेहऱ्यावरचा बारकावा थोडा पुसला जातो. म्हणून ‘चित्रपट कोणता’ इतकाच ‘प्रत कोणती’ हा प्रश्न महत्त्वाचा.

दुसरं कारण या चित्रपटाच्या घडणीतलं. दिग्दर्शक दोन, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. प्रभातमध्ये ध्वनीचं खातं दामल्यांकडे आणि नेपथ्य-कलेचं फत्तेलालांकडे. एकाचा कान आणि दुसऱ्याचा डोळा अशी ही जोडी. असा चित्रपट मोबाइलच्या भोंग्यातून ऐकायचा आणि हाताएवढ्या काचेवर बघायचा म्हणजे दोघांनाही दाराबाहेर उभं करण्यासारखं आहे.

पडदा

चित्रपटगृह निवडताना आसनं, एसी आणि पार्किंग यांची चौकशी सगळे करतात. आमच्यातल्या एका मुलीने मात्र पहिल्यांदा विचारलं, ‘मास्किंग चालतं का?’

हा प्रश्न का, ते जरा खोलात सांगतो. 1936 च्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस असते: उंची एक धरली तर रुंदी 1.37. आजची चौकट 1.85 किंवा 2.39. नव्या पडद्यावर जुना चित्रपट पूर्ण उंचीने दाखवला तर दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते, 2.39 च्या पडद्यावर तर चित्र रुंदीच्या निम्म्याहून थोडंच जास्त जागा घेतं. ही जागा बाजूच्या काळ्या पडद्यांनी झाकायची, त्याला मास्किंग म्हणतात. पूर्वी प्रत्येक थेटरात ते असायचंच. आता बऱ्याच ठिकाणी ते काढून टाकलंय किंवा मोटर बिघडून जागच्या जागी अडकलंय. डिजिटल प्रोजेक्टरचा काळा पूर्ण काळा नसतो, त्यामुळे मास्किंग नसेल तर बाजूंना राखाडी उजेडाचे पट्टे दिसत राहतात आणि चित्र त्यांच्यामध्ये तरंगल्यासारखं वाटतं.

मध्य मुंबईतल्या एका जुन्या एकपडदा चित्रपटगृहात मास्किंग होतं, हाताने ओढायचं. व्यवस्थापकांनी रविवार सकाळ दिली. रात्रीचा शेवटचा खेळ सुटल्यावर चाचणीलाही परवानगी दिली, आणि या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं सहकार्य तेच ठरलं. मल्टिप्लेक्सचा पर्यायही होता, खुर्च्या अधिक मऊ असत्या. पण तिथे दोन खेळांच्या मध्ये वीस मिनिटांत आत-बाहेर करावं लागलं असतं आणि चाचणीला वेळच मिळाला नसता. जुना चित्रपट दाखवणाऱ्याने चाचणीशिवाय तिकिटं विकायला काढूच नयेत, असं माझं ठाम मत झालंय.

चाचणीची रात्र

पहिली फाइल आम्हाला एका व्यावसायिकाकडून मिळाली. पोस्टरवर छापता येईल असं वर्णन होतं: स्वच्छ केलेली, हाय डेफिनिशन, ध्वनी सुधारलेला. चित्रपटगृहाच्या यंत्रणेत ती चढवली, दिवे गेले आणि पडदाभर चित्र आलं. पहिल्या क्षणी सगळे खूष झाले. जुना चित्रपट आणि पडदा काठोकाठ भरलेला!

दोन-तीन मिनिटांत कुजबुज सुरू झाली. पात्रं उभी राहिली की डोकी वरच्या कडेला टेकत होती. कुणी बसलं की मांडीवरचे हात दिसेनात. विठ्ठलाची मूर्ती आली तेव्हा भजनी मंडळातल्या एक काकू मोठ्याने म्हणाल्या, ‘अहो, पाय कुठे गेले? वीट कुठेय?’

केबिनमधून ऑपरेटरकाका खाली आले. म्हाताऱ्या बोटांनी पडद्यावरच चौकट आखून दाखवत म्हणाले, ‘ताई, फाइलच कापून दिलीय. माझ्याकडे लेन्सचा दोष नाही. मी वरचं दाखवू म्हटलं तर खालचं जाईल.’ त्यांचं बरोबर होतं. चौरस चौकटीचं चित्र टीव्हीच्या आडव्या आकारात बसवताना वरून-खालून कापलेलं होतं. हिशेब सोपा आहे: 1.37 ची चौकट 1.78 मध्ये भरायची म्हणजे उंचीतला जवळजवळ पाव भाग टाकून द्यायचा. चित्रपटाच्या प्रत्येक क्षणातला पाव भाग. वारकरी परंपरेवरच्या चित्रपटात विटेवरचे पाय कापले जातात तेव्हा गेलेली गोष्ट केवळ तांत्रिक राहत नाही.

मग दुसरी खोड सापडली, आणि ती अधिक छुपी होती. फाइलची लांबी 126 मिनिटांच्या आत होती. चित्रपटाची नोंदलेली लांबी 131 मिनिटं. पहिला संशय अर्थातच काटछाटीचा, की कुठलं तरी गाणं किंवा एखादा प्रसंग उडवला असावा. एका मुलाने प्रसंगांची यादी घेऊन ओळीने खुणा केल्या. सगळे प्रसंग जागेवर. तरी पाच मिनिटं कमी.

तेव्हा पेटी वाजवणाऱ्या दुसऱ्या काकू म्हणाल्या, ‘मला मघापासून आवाज चढा लागतोय. पागनिसांचा गळा इतका बारीक नाही.’ त्यांनी पिशवीतून छोटी सुरपेटी काढली आणि षड्ज धरायचा प्रयत्न केला, पण तो दोन लगतच्या पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी पडत होता. नुसत्या कानावर निकाल देता येत नव्हता, कारण त्या काळी वाद्यं आजच्या ठरलेल्या सुराला लावलेली असतीलच असं नाही. पण लांबी आणि सूर या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या आणि उलगडा झाला.

बोलपट सेकंदाला 24 चौकटींनी, म्हणजे 24 स्थिर चित्रांनी, चालतो. आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत 25 चौकटींची. टीव्हीसाठी उतरवताना सोपा मार्ग म्हणून चित्रपट थोडा वेगाने, 25 ने, पळवला जातो. 131 मिनिटांचे मग 126 च्या आतच होतात, आणि आवाज चार टक्क्यांनी वर सरकतो. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ दोन तृतीयांश इतका तो फरक. संवादात तो कुणाला कळणार नाही. पण हा चित्रपट गाण्यावर उभा आहे, संगीत केशवराव भोळ्यांचं आहे, आणि तो पागनिसांच्या सुरावर तोललेला आहे.

चित्रपटाची सुरुवातच बघा. तुकाराम ‘पांडुरंग ध्यानी पांडुरंग मनी’ गातात, साधं, स्वतःशी, देवाशी. लगेच तोच अभंग तुकारामांचा विरोधक सालोमालो देवळात आपल्या नावावर खपवत ठसक्याने, तानांनी सजवून गातो. पुढचा अख्खा संघर्ष या दोन गाण्यांच्या फरकात मांडलाय. पट्टी चढली, वेग वाढला की पहिल्या गाण्यातला संथपणा जातो आणि दोन गाणी एकमेकांजवळ येतात. प्रेक्षकाला फक्त ‘जुन्या काळचं किनरं गाणं’ ऐकू येतं. मग तो म्हणतो, जुने चित्रपट झेपत नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘सुधारलेला’ ध्वनी. जुन्या ध्वनिपट्टीत खरखर असतेच. ती यंत्राने फार ओरबाडून काढली की तिच्याबरोबर टाळ-चिपळ्यांची किणकिण जाते, कारण दोन्ही सुराच्या त्याच वरच्या भागात असतात. आमच्या फाइलमध्ये टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे येत होते. शिवाय हा एकमार्गी (मोनो) आवाज सगळ्या भिंतींवरच्या स्पीकरांमधून सोडलेला होता, त्यामुळे तुकोबा कुठून गातायत तेच कळेना.

रात्री सगळे बाहेर आलो तेव्हा गटात सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ‘पडदा भरलेला आहे, ओरखडे नाहीत, लोकांना हेच आवडेल. डोकी कापलेली कुणाच्या लक्षात येतंय?’ दुसऱ्या तटाचं म्हणणं, ‘लक्षात येणार नाही, पण जाणवेल.’ मी दुसऱ्या तटात होतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही म्हणून त्याला काही कळतच नाही असं धरून चालणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरी प्रत

दुसरी प्रत मिळवायला अर्ज, शुल्क आणि बरीच पत्रापत्री लागली. जुन्या चित्रपटांचा संग्रह करणाऱ्या एका संस्थेकडून डीसीपी आली, म्हणजे चित्रपटगृहाच्या सर्व्हरवर चढवायची डिजिटल प्रत. यावेळी मागणीपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या: चौकट 1.37 च असावी, वेग 24 असावा, आवाज मधल्या स्पीकरवर एकमार्गी असावा. डीसीपीच्या 1998 बाय 1080 च्या नेहमीच्या चौकटीत असं चित्र मध्ये सुमारे 1480 रुंदीचं बसतं आणि बाजू काळ्या राहतात. डिस्कला कुलूप असेल तर ठरावीक प्रोजेक्टरसाठी, ठरावीक तासांपुरती चालणारी किल्ली लागते; आमच्या प्रतीला ती नव्हती, त्यामुळे एक धाकधूक कमी झाली. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत चित्रपटगृहाने मागितली, ती संस्थेनेच सोबत दिली होती. प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत 2023 च्या कायदेदुरुस्तीने गेली, त्यामुळे जुन्या चित्रपटांची ती एक अडचण तरी आता उरली नाही.

दुसऱ्या चाचणीत पडद्यावर आलेलं चित्र आधीपेक्षा लहान होतं आणि त्याच्यावर ओरखडे होते. गटातल्या काहींचे चेहरे पडले. मग ऑपरेटरकाकांनी दोन मुलांना हाक मारली. दोघांनी दोन बाजूंनी काळे पडदे हळूहळू आत ओढले, काका वरून ‘अजून... अजून... बस्स’ करत राहिले, आणि पडद्याची कड चित्राच्या कडेला बरोबर येऊन टेकली. त्या क्षणी चित्र लहान राहिलं नाही. आजूबाजूला काही उरलंच नव्हतं ज्याच्याशी तुलना करावी. विठोबा उभा होता, पायांसकट.

आवाजाची पातळी कशी लावायची याची काकांची रीत मला फार पटली. गाण्यावर लावायची नाही, बोलण्यावर लावायची. तुकारामांच्या बायकोचा, अवलीचा, कडक आवाज मधल्या रांगेत बसलेल्याला शेजारच्या खोलीतून येतोय असा वाटला पाहिजे, कानात ओरडतेय असा नाही. नव्या चित्रपटांसाठी ठेवलेल्या आकड्यापेक्षा त्यांनी तो खाली आणला. खरखर थोडी राहिली. पाच मिनिटांत कान तिला सरावले आणि तिच्यातून टाळ स्वच्छ ऐकू यायला लागले.

तिकीट आणि रविवार

तिकीट ठेवायचं की नाही, यावर भजनी मंडळातून नाराजी आली. ‘तुकोबांच्या नावाने पैसे घ्यायचे?’ हा प्रश्न भावनेचा होता आणि तो झटकून टाकण्यासारखा नव्हता. आम्ही शंभराच्या आत तिकीट ठेवलं आणि भजनी मंडळांना सवलत दिली. फुकट खेळाला लोक उशिरा येतात आणि मधेच उठतात हा अनुभव मुंबईत सगळ्यांचा आहे. तिकीट काढलेला माणूस सुरुवातीला हजर असतो, आणि या चित्रपटाची सुरुवात चुकली की अर्धं मर्म चुकतं.

खेळाची वेळ ठरली ती रेल्वेच्या वेळापत्रकावरून. रविवारचा मेगाब्लॉक साधारण उशिरा सकाळी सुरू होतो. ठाणे-डोंबिवलीहून येणाऱ्यांना त्याआधी पोचता यावं म्हणून साडेनऊचा खेळ. परतीला त्रास होणारच होता. जाहिरातीतच तसं स्पष्ट सांगितलं. जाहिरात म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, वाचनालयांचे फळे आणि गिरगाव-दादरच्या मंडळांचे बोर्ड. त्यात ‘जुनं ते सोनं’ छापाचं काही लिहिलं नाही. ‘1936 साली लागून गिरगावात 57 आठवडे चाललेला चित्रपट, पूर्ण लांबीत, मूळ चौकटीत’ एवढंच लिहिलं. ‘मूळ चौकटीत म्हणजे काय?’ असं विचारणारे फोन आले, आणि त्या फोनवर जे बोलणं झालं ती सगळ्यात चांगली प्रसिद्धी ठरली.

सभागृह सुमारे पाऊण भरलं. वरच्या रांगांत विद्यार्थी, खाली नऊवारीतल्या बायका, मधे कुटुंबं, आणि गिरगावातले काही गुजराती-मारवाडी शेजारी.

सालोमालोने अभंग आपल्या नावावर गायला सुरुवात केली आणि तिसऱ्या रांगेतून एका आजींचा आवाज आला, ‘मेल्याने ढापला!’ सगळं सभागृह हसलं. चित्रपटाचा मूळ मुद्दा पहिल्या काही मिनिटांत पोचला होता, आणि तो पोचवला होता दोन गाण्यांतल्या फरकाने. पहिल्या फाइलवर हे घडलं नसतं असं मी खात्रीने म्हणेन.

पण खेळ खऱ्या अर्थाने जिंकला तो अवलीने. गौरी या स्टुडिओतल्या अगदी साध्या कामापासून सुरुवात केलेल्या बाई. त्यांच्या अवलीत शिकलेल्या अभिनयाचा मागमूस नाही. लेकरू आजारी, घरात दाणा नाही, नवरा देवाच्या नादात. तेव्हा ती पोराला एका हाताने धरून, दुसऱ्या हातात वहाण घेऊन देवळाकडे निघते, विठोबाला जाब विचारायला. लहान पडद्यावर हा प्रसंग विनोदी वाटतो. मोठ्या पडद्यावर तिची चाल दिसते. संतापात आणि भुकेत चालणाऱ्या बाईची चाल, डोक्यापासून पायापर्यंत. आधी हशा आला, मग तो थांबला, आणि मग खालच्या रांगांतून बायकांच्या टाळ्या आल्या. वारकरी घरातल्या बायका, देवावर वहाण उगारणाऱ्या अवलीसाठी टाळ्या वाजवत होत्या. तुकोबांच्या घरातली ही बाजू हा चित्रपट किती बरोबरीने मांडतो हे मला त्या टाळ्यांमुळे कळलं. दामले-फत्तेलालांनी अवलीला भक्तीच्या आड येणारी कजाग बायको करून सोडलेलं नाही. घर चालवणाऱ्या माणसाचं म्हणणं त्यांनी तिच्या तोंडी पूर्ण ताकदीने दिलंय.

‘आधी बीज एकले’ला लोक हलक्या आवाजात गुणगुणत होते. बाहेर आल्यावर दोन काकांची जुंपली, हा अभंग गाथेत कितव्या क्रमांकाचा आहे यावरून. तो गाथेत नाही. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेला आहे. तुकोबांच्या वाणीशी इतका एकजीव झालेला शब्द लिहिणाऱ्या गीतकाराचं नाव प्रेक्षकांपर्यंत पोचायला हवं, म्हणून पुढच्या खेळाला श्रेयनामावलीचं एक पान वाटायचं ठरलं.

चमत्कारांच्या प्रसंगांत काय होईल याची मला काळजी होती. शिवरायांना पकडायला आलेल्या सैनिकांना जो तो शिवाजीच दिसू लागतो, तिथे मुलं थक्क झाली. ‘कॉम्प्युटरशिवाय कसं केलं?’ हे मध्यंतरानंतर मी दोघा-तिघांच्या तोंडून ऐकलं. शेवटच्या गरुडाच्या विमानाला मात्र वरच्या रांगांत हसू फुटलं, आणि त्याच वेळी खालच्या रांगांत हात जोडले गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकाच सभागृहात दोन्ही होऊ शकलं आणि कुणी कुणाला गप्प केलं नाही.

मध्यंतर कुठे घ्यायचं यावर बरीच चर्चा झाली होती. प्रसंग संपून पडदा काळा होतो तिथेच ते घेतलं, घड्याळाने मधोमध नाही. मध्यंतरात काही विद्यार्थी निघून गेले. ‘मधला भाग रेंगाळतो’ असं त्यातल्या एकाने थांबून, नीट सांगितलं. ते मत मी खोडून काढणार नाही. चांगली प्रत मिळाली म्हणून प्रत्येकाला चित्रपट आवडलाच पाहिजे असं नाही. आवडनिवड चित्रपटाबद्दलची असावी, प्रतीबद्दलची नसावी, एवढंच मला हवं आहे. गुजराती शेजाऱ्यांना संवाद समजले, अभंगांचे शब्द निसटले. त्यांच्यासाठी हिंदीत छापील सारांश तरी द्यायला हवा होता, अशी सूचना आली.

या खेळावरून काय म्हणता येईल

गेल्या काही वर्षांत जुने चित्रपट पुन्हा लावण्याची लाट आलीय. ऑक्टोबर 2022 मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने अमिताभ बच्चन यांचे जुने चित्रपट देशभर लावले. 1976 चा ‘मंथन’ नव्याने दुरुस्त होऊन 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाला गेला आणि मग आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. त्याच वर्षी ‘तुंबाड’ पुन्हा लागला आणि 2018 च्या पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. यांतल्या पहिल्या दोन उपक्रमांमागे मोठी संस्था होती आणि ‘तुंबाड’ तर आजच्या काळातलाच, प्रत कोरी. आमच्यासारख्या गल्लीतल्या गटाला यातलं काहीच नसतं. त्याच्या हातात एक गोष्ट असते: मिळेल ती फाइल लावायची नाही, असं ठरवणं.

आमच्या खेळाचा पुरावा मर्यादित आहे, हेही सांगायला हवं. आषाढीचे दिवस होते, निम्मं सभागृह तुकोबांवर जीव असलेल्यांचं होतं. ते कशाही प्रतीवर आले असते. पण आले असते आणि टिकले असते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मुलांनी हाच चित्रपट मोबाइलवर अर्ध्यात सोडला होता त्यातली बरीच शेवटपर्यंत बसली. त्यांनी नंतर जे सांगितलं त्यात ‘गोष्ट’ कमी आणि ‘आवाज’ जास्त होता. एकाला वाटलं होतं की जुन्या काळचे गायक असेच चिरक्या आवाजात गायचे. पागनिसांचा खरा गळा त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

खर्च तिकिटांतून पूर्ण निघाला नाही. प्रतीचं शुल्क आणि दोन चाचण्यांचा खर्च गटातल्यांनी वर्गणीने भरला. दुसरी चाचणी वाचवली असती तर हिशेब जुळला असता, असं एका सदस्यांचं अजूनही म्हणणं आहे. माझं मत उलट आहे. कापायचं असेल तर पोस्टर कापा, चहा कापा, हार-नारळ कापा. चाचणी नको.

पुढचा खेळ भक्तीच्या आधाराशिवाय उभा राहतो का, ते बघायचं आहे. म्हणून प्रभातचाच ‘शेजारी’ ठरलाय, 1941 चा. दोन धर्मांच्या दोन म्हाताऱ्या मित्रांची गोष्ट, आणि शेवटी फुटणारं धरण, ज्याच्या पाण्याला मोठा पडदाच हवा. हक्काची मुदत त्याचीही संपलेली आहे. व्यवस्थापकांनी पावसाळ्यानंतरचे दोन रविवार सुचवलेत. तारीख अजून दिलेली नाही. आधी प्रत येईल, काकू सुरपेटी लावून बसतील, मग तारीख.